रायफल घरी जोडायची? आधी राहायचा पत्ता पक्का करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे मूळचे पुण्याचे, टेक्सासात ऑस्टिनला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. यंदा ग्रीनकार्ड हातात आलं. एआर-१५ धाटणीची रायफल सुटे भाग आणून गॅरेजमध्ये जोडायची त्यांची इच्छा आहे. पुढच्या वर्षी कंपनी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला पाठवण्याची दाट शक्यता. धाकटा भाऊ एच-वन-बीवर असून त्यांच्याच घरी राहतो. तर घरी रायफल बनवणं कायदेशीर आहे का, भावाला चालवायला देता येईल का, आणि कायमचं भारतात परतताना ती नेता येईल का?

मी पिंपरीच्या एका टूलरूममध्ये सहा वर्षं काढली, मग टेक्सासात आलो त्याला १९ वर्षं झाली. गेली अकरा वर्षं एका परवानाधारक दुकानात मागच्या बाकावर बंदुका दुरुस्त करतो, आणि पुढच्या काउंटरवरचे फॉर्मही तपासतो. वकील नाही. पण फॉर्म चुकल्यावर लोकांचे चेहरे कसे होतात ते जवळून पाहिलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, टेक्सासात कायदेशीर आहे. पण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'रायफल' नाही, 'सॅन होजे' आहे. तुम्ही सुरुवात भागांच्या यादीपासून केलीत. मी असतो तर घरभाड्याच्या करारापासून केली असती.

कायदा इथे तीन गोष्टी बघतो, आणि त्याच क्रमाने: हातात घेणारा माणूस कोण, हत्यार नेमकं कोणतं, आणि आज तुम्ही कोणत्या राज्याच्या जमिनीवर उभे आहात.

माणसाचं आधी बघू, कारण आपले लोक इथेच फसतात. केंद्राच्या १९६८च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमध्ये ज्यांनी बंदूक किंवा काडतूस बाळगू नये अशांची यादी आहे, आणि त्यात नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेले लोक येतात. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन, सगळे. ग्रीनकार्डवाले त्यात येत नाहीत, म्हणजे तुमचा मार्ग मोकळा. २०२२च्या जूनमधल्या कायद्याने या कलमाची कमाल शिक्षा दहा वर्षांवरून पंधरावर गेली. आणि 'बाळगणं' म्हणजे घरी कपाटात ठेवणंच नव्हे. रेंजवर अर्धा तास भाड्याची बंदूक हातात धरली, तरी तेही बाळगणंच. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजने काढून टाकलं होतं, त्यामुळे त्याचं विद्यार्थी म्हणून राहण्याचं कारण संपलं होतं. नंतर तो शूटिंग रेंजवर गेला, आणि त्यावरून दोषी ठरला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१९मध्ये रेहैफ खटल्यात कोर्टाने सांगितलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो हे त्या माणसाला माहीत होतं, हेही सरकारला सिद्ध करावं लागेल. निकाल त्याच्या बाजूने लागला, पण रेंजवरच्या एका दुपारसाठी एवढी वर्षं कोर्टकचेरी कोणाला हवी आहे?

व्हिसावाल्यांसाठी एक खिडकी उघडी आहे: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. तो हातात असेल तर ही बंदी लागू होत नाही. लोकांना हा विनोद वाटतो. आयुष्यात झुरळाशिवाय काही न मारलेला माणूस शिकारीचा परवाना काढतो. पण कायद्यात तसंच लिहिलंय. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीला जायचं तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. भावाला तो कोर्स करू द्या, परवाना काढू द्या आणि मुदत संपायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवायला सांगा. तोपर्यंत त्याच्या हातात रायफल देऊ नका. देणाऱ्यावरही वेगळं कलम आहे. घरातल्या तिजोरीचा आकडा किंवा किल्ली त्याच्याकडे नको. 'ती भावाची आहे, माझी नाही' एवढ्याने भागत नाही, कारण हात पोचतो ती गोष्ट ताब्यातली मानली जाऊ शकते.

अजून एक, ऑस्टिनचं म्हणून सांगतो. बऱ्याच राज्यांत गांजा दुकानात मिळतो, पण केंद्राच्या कायद्यात त्याला मोकळीक नाही, आणि तसा इशारा दुकानातल्या फॉर्मवरच छापलेला असतो. सुट्टीत कोलोरॅडोला गेल्यावर घेतलेल्या गांजाच्या गोळ्यांबद्दल काउंटरवर हसत हसत सांगू नका. आम्हाला मग नाही म्हणावंच लागतं.

आता हत्यार कोणतं ते. एआर-१५च्या सुट्या भागांपैकी कायद्याच्या नजरेत 'बंदूक' एकच: लोअर रिसीव्हर. तळहातापेक्षा थोडा मोठा, अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ सांगाडा, त्यावर नंबर कोरलेला. नळी, अप्पर (नळी ज्यात बसते तो वरचा सांगाडा), बोल्ट (काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता दांडा), दस्ता, चाप हे केंद्राच्या हिशेबी निव्वळ सामान आहे. ते तुम्ही पोस्टाने मागवू शकता. लोअर मात्र परवानाधारक दुकानातूनच. ४४७३ नावाचा फॉर्म, पार्श्वभूमीची तपासणी, ग्रीनकार्डवरचा एलियन नंबर. दुकानातून आख्खी रायफल घ्यायला १८ वर्षं पुरतात, पण नुसता लोअर घ्यायला २१ लागतात, कारण त्यातून पुढे रायफलच होईल असं नाही. तुमच्या वयाला हे लागू नसेल, पण भाचा-पुतण्यांसाठी सांगून ठेवलं.

हा कारखान्याचा, नंबर असलेला लोअर आणून तुम्ही घरी बाकीचे भाग बसवलेत, तर टेक्सासात तुम्हाला परवाना लागत नाही. स्वतःसाठी. विकायच्या हेतूने बनवत असाल तर परवाना लागतो, मग शेजाऱ्याने कितीही आग्रह करो.

अर्धवट घडवलेले लोअर, ज्याला लोक ऐंशी टक्क्यांचा लोअर म्हणतात, त्याच्या नादी लागू नका. एकेकाळी ते नंबराविना, तपासणीविना मिळायचे. एटीएफने, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या खात्याने, २०२२मध्ये नियम बदलला, तो त्या वर्षीच्या २४ ऑगस्टपासून लागू झाला, आणि सहज पूर्ण करता येणारे संच बंदूक म्हणूनच धरले जाऊ लागले. त्यावरचा खटला मार्च २०२५मध्ये सुप्रीम कोर्टात सात विरुद्ध दोन असा सुटला आणि नियम टिकला. कॅलिफोर्नियात तर त्याआधीच, १ जुलै २०१८पासून, स्वतः घडवायची बंदूक असेल तर राज्याकडून आधी नंबर घ्यावा लागतो. घडवण्याचा आनंद मलाही कळतो, आयुष्य मिलिंगवर गेलंय. पण ज्याला पुढच्या वर्षी राज्य बदलायचंय त्याने नंबर नसलेली वस्तू घरात आणणं म्हणजे पाय स्वतःच्याच हाताने फासात घालणं.

लांबीचं आता. १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड किंवा पूर्ण रायफल २६ इंचांपेक्षा आखूड असेल, तर तिची आधी नोंदणी हवी. आधी मंजुरी, मग बनवणं. यावरचा दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६पासून शून्य झाला, आणि तेव्हापासून दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांचा समज झालाय की नोंदणीही गेली. नाही गेली. फक्त कर गेला. नोंदणीशिवाय बनवल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ती जागच्या जागी आहे. आणि चाप एकदा दाबल्यावर एकाहून जास्त गोळ्या सुटतील असा कुठलाही भाग घरात नको. नुसता भागही मशीनगन धरला जातो, आणि १९ मे १९८६नंतर बनवलेली मशीनगन सामान्य नागरिकाला ठेवताच येत नाही.

लांबीत मी स्वतः कसा चुकलो ते सांगतो. पहिली रायफल जोडताना मी साडेचौदा इंची नळी घेतली होती. त्या नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (धक्का कमी करणारी टोपी) कायमचा बसवला, म्हणजे आरपार पिन घालून त्यावर वेल्ड मारला, की त्याची लांबी नळीत धरली जाते. माझ्या ब्रेकच्या पाकिटावर लांबी दोन इंचांच्या जवळपास छापलेली. साडेचौदा अधिक दोन, साडेसोळा, झालं काम असं मी मनात धरलं. सवयीने मोजून बघितलं म्हणून वाचलो. मोजायचं कसं, तर हत्यार रिकामं आहे हे दोनदा तपासायचं, बोल्ट बंद करायचा, तोंडातून लाकडी काडी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत आत घालायची, नळीच्या तोंडाशी खूण करायची, काडी काढून मोजायची. काडी भरली पावणेसोळा. दोन सूत कमी! ब्रेकचा मागचा भाग नळीच्या आट्यांवर चढतो, ती लांबी दोनदा मोजली जात नाही, हे टूलरूममध्ये रोज आटे पाडणाऱ्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं. अप्पर लोअरला अजून लावला नव्हता, म्हणून ती फक्त चूक राहिली, गुन्हा झाला नाही. तुम्ही सरळ १६ इंची नळी घ्या आणि मोजा. पाकिटावर विश्वास ठेवू नका.

आयात केलेल्या संचातून, म्हणजे परदेशी एके वगैरेचे भाग आणून सेमी-ऑटो (चाप दाबला की एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी) रायफल जोडायची असेल तर वेगळा हिशेब आहे: ठरवून दिलेल्या वीस भागांपैकी दहापेक्षा जास्त आयातीचे नकोत. एआरचे भाग बहुतेक इथलेच असतात, त्यामुळे तुम्हाला त्याची काळजी नाही.

आता खरा मुद्दा, सॅन होजे.

स्टॉकटनच्या एका शाळेत जानेवारी १९८९मध्ये गोळीबार झाला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने असॉल्ट वेपन्सचा कायदा केला, आणि तेव्हापासून त्यावर थर चढत गेले. आज तिथे दोन चाळण्या आहेत. पहिली नावाची: काही कंपन्यांची काही मॉडेलं नावानिशी बंद आहेत. त्यामुळे लोअर घेताना त्यावर कोरलेलं नाव वाचा आणि राज्याच्या यादीशी ताडून बघा. टेक्सासातल्या दुकानदाराला हे विचारून उपयोग नाही, त्याला त्याची गरजच पडत नाही. दुसरी चाळणी अंगलक्षणांची. सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणारी) सेमी-ऑटो रायफल, जिचं मॅगझिन (गोळ्यांची पेटी) सुटं निघतं, तिला पुढीलपैकी एकही गोष्ट असली तरी ती बंदीत जाते: खाली स्पष्ट उतरलेली पिस्तुलासारखी मूठ, अंगठा घालायच्या भोकाचा दस्ता, दुमडणारा किंवा सरकणारा दस्ता, फ्लॅश सप्रेसर (तोंडाशी उडणारी ज्वाळा झाकणारा भाग), पुढची उभी मूठ, ग्रेनेड किंवा फ्लेअर लाँचर. दुकानात टांगलेल्या साध्यातल्या साध्या एआरला यातल्या निदान तीन गोष्टी असतात.

म्हणजे ऑस्टिनमध्ये शनिवारी सकाळी जी रायफल कोणी ढुंकूनही बघत नाही, तीच ट्रकच्या मागे टाकून अ‍ॅरिझोनातून कोलोरॅडो नदीवरचा पूल ओलांडलात, की ती आयात केलेली असॉल्ट वेपन होते. बनवणं किंवा आयात करणं यावर चार, सहा किंवा आठ वर्षं अशी शिक्षा आहे. आणि तिथे 'बनवणं' या शब्दात जोडणंही आलं. अप्पर-लोअर वेगळे नेले आणि तिकडे जाऊन दोन पिना ढकलल्या, तर ती पिन ढकलणं म्हणजेच बनवणं. ग्रीनकार्डवाल्याला याची दुसरी बाजूही आहे: बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्यासाठी तेवढं कारण पुरेसं होतं. नागरिक तुरुंगातून घरी येतो, आपण मात्र तुरुंगातून विमानतळावर.

कॅलिफोर्नियात एआर ठेवणारे लोक दोन वाटा काढतात. एक, सगळी अंगलक्षणं काढून टाकायची: मुठीऐवजी माशाच्या पंखासारखी प्लॅस्टिकची पट्टी, ज्याभोवती अंगठा वळत नाही, घट्ट बसवलेला दस्ता, फ्लॅश सप्रेसरऐवजी साधा ब्रेक किंवा काहीच नाही. दुसरी वाट, मॅगझिन पक्कं बसवायचं, म्हणजे रायफल उघडल्याशिवाय ते निघणार नाही असं, आणि त्यातही दहाच गोळ्या मावतील. टोकदार वस्तूने बटण दाबून मॅगझिन काढायच्या जुन्या युक्त्या होत्या, त्या १ जानेवारी २०१७पासून बाद झाल्या. कोणतीही वाट धरा, बदल टेक्सासात असतानाच करायचा. सीमा ओलांडल्यावर करू म्हटलं की उशीर झाला. तीस गोळ्यांची मॅगझिनं इकडेच विकून टाका, तिकडे दहापेक्षा मोठी आत नेणंच बंद आहे, आणि नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्निया ज्याखाली येतो त्या केंद्राच्या अपील कोर्टाच्या, पूर्ण पीठाने मार्च २०२५मध्ये ती बंदी कायम ठेवली. आणि पोचल्यापासून साठ दिवसांत राज्याच्या न्याय विभागाला तुमच्याकडच्या बंदुकांची माहिती द्यावी लागते. हे फार लोक विसरतात.

वाटेतलंही सांगतो. निघण्याच्या आणि पोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी ती बंदूक तुम्हाला कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून नेताना केंद्राचं संरक्षण आहे: रिकामी, आणि गाडीत बसलेल्याच्या हाताला लागणार नाही अशी, म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसेल तर कुलूपबंद पेटीत.

बदली सॅन होजेऐवजी दुसरीकडे झाली तर? आपल्या लोकांची गर्दी जिथे जिथे आहे, तिथे तिथे कायदा कडक आहे, हा एक योगायोगच म्हणायचा. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसनच्या बाजूला, आधी ओळखपत्र काढावं लागतं, मॅगझिन दहाचं, आणि अंगलक्षणं दोन झाली की बंदी. मूठ चालेल, पण मग सरकता दस्ता नको. न्यूयॉर्कमध्ये २०१३पासून एकच लक्षण पुरतं, आणि सप्टेंबर २०२२पासून सेमी-ऑटो रायफल घ्यायलाच परवाना लागतो. इलिनॉयने १० जानेवारी २०२३ला दार लावून घेतलं. वॉशिंग्टन राज्याने त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आणि तिथे नुसते भाग विकायलाही बंदी आहे, त्यामुळे 'सिएटलला जाऊन जोडू' हा बेत सोडा. यातल्या बऱ्याच कायद्यांवर खटले चालू आहेत. जायच्या आठवड्यात त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलचं पान पुन्हा वाचा, मी आज लिहिलेल्यावर विसंबू नका.

एवढं वाचून वैताग आला असेल, तर मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगतो. एआर सोडून दिली असती आणि बोल्ट अ‍ॅक्शन रायफल जोडली असती.

बोल्ट अ‍ॅक्शन म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढून पुढे ढकलायची. सेमी-ऑटो नाही, त्यामुळे वरचं अंगलक्षणांचं सगळं पुराण तिला लागूच होत नाही. मॅगझिन पाच किंवा दहाचं ठेवलं, की टेक्सास काय, कॅलिफोर्निया काय आणि न्यू जर्सी काय, रायफल तीच राहते. त्या त्या राज्याचे कागद तेवढे करायचे. रेमिंग्टन ७००च्या मापाला बसणारे दस्ते आणि चाप ढिगाने मिळतात, आणि सॅव्हेजच्या पद्धतीत नळी मोठ्या नटाने आवळलेली असते, त्यामुळे लेथ नसलेल्या माणसालाही नळी बदलता येते. नंबर असलेली अ‍ॅक्शन, म्हणजे बोल्ट आणि तो ज्यात सरकतो तो सांगाडा, दुकानातून घ्यायची, बाकी घरी.

आणि इथे कारागिरीला खरा वाव आहे. टूलरूममधल्या लोकांना गो-नोगो गेज माहीत असतं: एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. रायफलच्या चेंबरचं, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेचं, माप अगदी तसंच तपासतात. .३०८ विंचेस्टरसाठी गो गेज १.६३० इंचांचं, नोगो १.६३४चं. फरक चार थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण कागदाच्या एका पानाएवढा. गो घातल्यावर बोल्ट स्वतःच्या वजनाने, बोटाच्या हलक्या स्पर्शाने बंद झाला पाहिजे. नोगोवर तो अडलाच पाहिजे. नोगोवरही बंद झाला तर काडतुसाला मागे सरकायला जागा उरते, पितळ फाटतं, आणि तो वायू तुमच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर सुटतो. माझ्या बाकावर एकदा अशी एक आली होती. मालकाने गेजचे पैसे वाचवले होते आणि जुन्या काडतुसाला चिकटपट्टी लावून 'अंदाज' घेतला होता. गेज घ्या, किंवा घरी सगळं जोडून फक्त हे तपासायला दुकानात आणा. दहा मिनिटांचं काम आहे. तुमची रायफल दुसऱ्याने बघितली म्हणून ती घरी बनवलेली राहत नाही असं काही नाही.

राहिला भारताचा प्रश्न. नेता येणार नाही असंच धरून चला. भारतात उलटा क्रम आहे: आधी परवाना, मग शस्त्र, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच. घरी बनवण्याचा तर विषयच नाही. विनापरवाना शस्त्र बनवणं हा तिकडे सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आहे, मग हेतू छंदाचा असो की काही. जायच्या आधी इथेच दुकानामार्फत विकून टाका. कागद नीट असतील तर चांगली किंमत येते.

पण रायफलपेक्षा मला भीती काडतुसाची वाटते. रेंजवर नेलेलीच बॅग पुढे विमानात जाते, आणि मुंबईला किंवा दिल्लीला एक्स-रेमध्ये तळाशी एक जिवंत काडतूस दिसतं. आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होतो, पासपोर्ट अडकतो. जाणीवपूर्वक बाळगलं नव्हतं असं म्हणत पुढे हायकोर्टातून गुन्हा रद्द करून घेता येतो, तशी बरीच प्रकरणं झाली आहेत, पण तोपर्यंत सुट्टी संपलेली असते आणि कधी नोकरीही. मी रेंजसाठी वेगळी, भडक केशरी बॅग ठेवली आहे, ती गॅरेजमधून घरात येतच नाही. ती घेतली २०१४मध्ये. त्या वर्षी पुण्याला निघायच्या आदल्या रात्री बायको माझ्या जुन्या काळ्या बॅगेत भाच्यासाठी चॉकलेटं भरत होती, आणि बाजूच्या कप्प्यातून तिने .२२चं एक काडतूस बाहेर काढून विचारलं, हे कसलं झाकण आहे हो?